दातांना तारा आहेत? मग हिरड्या दुप्पट जपा



महाड-पोलादपूरच्या वस्त्यांत फिरताना अलीकडे एक बदल आम्हाला दिसतो. पूर्वी दात पुढे आलेली मुलगी तोंडावर हात धरून बोलायची. आता तशीच मुलगी दातांना तारा लावून कॉलेजला जाते. घरची माणसे पोटाला चिमटा काढून हप्ते भरतात. याला कोणी नखरे म्हणू नये. वाकडेतिकडे दात नीट घासता येत नाहीत, त्यांच्या फटीत घाण साचते. शिवाय चारचौघांत मोकळेपणाने हसता येणे हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

पण त्याच घरांतून एक तक्रारही येते. "ताई, तारा लावल्यापासून हिच्या हिरड्या सरकल्या. खालचे दात लांब दिसायला लागले. काढून टाकू का तारा?"

आमचे उत्तर एकच : आपल्या मनाने तारा काढू नका, आणि दुखणे अंगावरही काढू नका. आधी काय होते आहे ते समजून घ्या.

हिरडी का सरकते?

हिरडी आणि तिच्याखालचे हाड यांनी दात धरून ठेवलेला असतो. पावसात शेताच्या बांधाची माती खचली की आतले दगड उघडे पडतात. तसेच हिरडी सरकली की दाताचे मूळ उघडे पडते. दाताच्या वरच्या भागाला कठीण कवच असते, मुळाला ते नसते. म्हणून थंड पाणी लागले की कळ येते आणि मूळ लवकर किडते.

तारा असताना हिरडी सरकण्याची मुख्य कारणे अशी :

१. तारेभोवती अन्न अडकते, पांढरा चिकट थर साचतो. तो काढला नाही तर त्याचे दगडासारखे कीटण बनते. हिरडी सुजते, रक्त येते आणि हळूहळू दाताची पकड सुटते.

२. काही जण उलटे करतात. स्वच्छतेच्या नादात कडक ब्रशने भांडी घासावी तसे दात घासतात. त्याने हिरडी झिजते.

३. काहींची हिरडी आणि हाड मुळातच पातळ असते, विशेषतः खालच्या पुढच्या दातांसमोर. असा दात तारेने बाहेरच्या बाजूला जास्त ढकलला गेला तर हिरडी खाली उतरते.

४. मशेरी आणि तंबाखू. याबद्दल पुढे बोलू.

रक्त आले की ब्रश सोडू नका

सगळ्यात मोठी चूक इथे होते. एका मुलीला घासताना रक्त यायचे. आईने मायेने सांगितले, "रक्त येतंय तर ब्रश लावू नको, बोटाने घास." तीन महिन्यांत हिरड्या फुगून तारेच्या खुंट्यांवर आल्या. डॉक्टरांनी कीटण काढले, आम्ही तिला नरम ब्रशने घासायला शिकवले. काही आठवड्यांत सूज उतरली, रक्त थांबले. पण खालच्या एका दातासमोरची हिरडी सरकली होती, ती काही परत वर आली नाही.

यातून शिकायचे ते हे : सुजलेली हिरडी स्वच्छतेने पूर्ववत होते, पण सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. ती आणखी सरकू न देणे आपल्या हाती आहे. फार सरकली असेल तर हिरड्यांचे डॉक्टर टाळूचा छोटा तुकडा घेऊन तिथे लावतात. ती वेळ येऊ नये म्हणून आधीच जपायचे.

घासायचे कसे?

नरम ब्रश घ्या. पेन्सिल धरतो तसा तीन बोटांत हलका धरा, म्हणजे जोर पडत नाही. ब्रशचे केस तिरके, अर्धे हिरडीवर आणि अर्धे दातावर ठेवून जागच्या जागी हलके हलवा. आधी तारेच्या वर, मग तारेच्या खाली. तारेखालून जाणारा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो, तो दातांच्या फटीतून फिरवा. रात्री झोपण्याआधीचे घासणे कधीही चुकवू नका. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी पुरे. राख, कोळसा, विटेची पूड, मीठ यांनी घासू नका. बाहेर काही खाल्ले की निदान पाण्याने खळखळून चूळ भरा.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरायला सांगून त्याचे पाच फायदे सांगितले आहेत. तोंडाला दुर्गंधी येत नाही, अन्नाची चव लागते, हे त्यातले दोन. तोंडाची निगा हा धम्माच्या शिस्तीतलाच भाग आहे. मात्र तारा असताना काडीने दात घासू नका, खुंट्या निखळतात. आजच्या काळाचे दंतकाष्ठ म्हणजे नरम ब्रश.

डॉक्टरांना काय विचारायचे?

तारा लावण्याआधी : दातांची सफाई झाली का? एक्स-रे काढला का? हिरडीची खोली मोजली का? हिरडीचा आजार असेल तर तो आधी आटोक्यात आणायचा, तारा नंतर. मोठ्या वयात तारा लावणाऱ्यांनी आणि मधुमेह असलेल्यांनी हे नक्की विचारावे.

तारा असताना : दर चार ते सहा आठवड्यांनी भेट चुकवू नका. दर तीन ते सहा महिन्यांनी सफाई करून घ्या. रक्त, पू, दात हलणे किंवा दात लांब दिसणे यांपैकी काही जाणवले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डॉक्टर ओढ कमी करतात किंवा काही दिवस थांबवतात.

तारा काढल्यावर : खालच्या दातांच्या मागे बारीक तार ठेवतात, तिथे कीटण फार साचते. तपासणी चालूच ठेवा.

आपल्याकडे घरातले कोणीतरी मुंबईला असते. मुलगी तिथे तारा लावते आणि पुढे गावी परतते. पावसाळ्यात भेटी चुकतात, वर्षभर तारा तशाच राहतात. हे सर्वांत धोक्याचे. परतण्याआधी कागद आणि एक्स-रे मागून घ्या आणि महाडच्या दंतवैद्यांकडे पुढची सोय करा. पैशांची अडचण असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे तारा आणि हिरड्या दोन्हींचे विभाग आहेत, खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो.

आणखी एक इशारा. पुढच्या दोन दातांतली फट मिटवायला घरी रबर लावू नका. ते रबर घसरत हिरडीच्या आत जाते, हाड खाते आणि चांगला दात हलायला लागतो.

मशेरीचा डबा

आपण पंचशील घेताना नशेपासून दूर राहण्याचा शब्द देतो, आणि घरी आल्यावर मशेरीचा डबा उघडतो. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत, हिरडी झिजते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आजीचे पाहून नात शिकते. नातीच्या तारांसाठी हप्ते भरणाऱ्या घराने आधी हा डबा घराबाहेर काढावा.

डिसेंबर १९२७ मध्ये याच महाडात बाबासाहेब आपल्या आया-आज्यांशी बोलले. स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. तो उपदेश स्वाभिमानाचा होता. आज आपली लेक आरशासमोर उभी राहते तेव्हा तिच्या हाती नरम ब्रश द्या, आणि रक्त दिसले तर तिला घाबरवू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

जय भीम, नमो बुद्धाय!