फुले कोठे ठेवावीत?

दादरच्या फुलबाजारातून सकाळच्या गाडीने अंधेरी-बोरिवलीला परतणाऱ्या बायका आपण पाहतो. पिशवीत झेंडू, शेवंती, निशिगंध असतो. देवाला वाहून, वेणी करूनही चार फुले उरतात. त्या चार फुलांनी घर कसे सजवावे?

आधी घर बघावे, मग फूल घ्यावे. आमचे एकदा उलटे झाले. घाटकोपरला चाळीतल्या एका घरी आम्ही हौसेनं मोठी काचेची फुलदाणी नेली. खोली १० बाय १२ ची. तिथेच ओटा, तिथेच अंथरुणं. फुलदाणी कपाटावर ठेवली, तर पंख्याच्या वाऱ्याने फुलांनी संध्याकाळीच माना टाकल्या. खाली ठेवली, तर पोरांचा पाय लागला. दुसऱ्या दिवशी ती पलंगाखाली गेली! मग घरच्या बाईंनीच युक्ती काढली. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधली आणि ती खिडकीच्या गजाला अडकवली. तीत निशिगंधाची एकच काडी. तिच्या कळ्या खालून वर उमलत जातात. सुकलेलं फूल खुडत गेलं, की काडी बरेच दिवस चालते.

मुलुंडच्या ब्लॉकात बैठकीची खोली निराळी. मधे टीपॉय, भोवती कोच. तिथे उंच दांड्यांची फुले ठेवली, तर समोरच्याचे तोंड दिसत नाही. पाहुणा फुलांशीच बोलत बसतो! तिथे पसरट भांडे बरे. घरची पितळी परात घासून घ्यावी, थोडे पाणी घालावे आणि वर शेवंती सोडावी. जास्वंदीला तर पाणीही नको. ती एका दिवसाचीच पाहुणी.

गावठाणातल्या जुन्या कौलारू घरात लाकूड काळपट असते, उजेड कमी. तिथे गडद लाल फूल हरवते. पांढरी तगर मात्र लांबून दिसते. उलट, नव्या उंच इमारतीत भिंती पांढऱ्या आणि उजेड भरपूर. तिथे मूठभर झेंडू पुरे. पडद्यावरच फुले छापलेली असतील, तर भांड्यात एकाच रंगाची फुलं ठेवावीत.

देठ तिरपा कापावा. पाण्यात बुडणारी पाने काढावीत. ती कुजली की पाणी नासते. पिकलेल्या केळ्यांजवळ फुले ठेवू नयेत. केळ्यातून एक वायू निघतो, त्याने फुले लवकर सुकतात. कण्हेर दिसायला छान, पण सगळे झाड विषारी. लहान मूल असलेल्या घरात ती आणूच नये.

आता पाण्याकडे नीट लक्ष द्या. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. फुलदाणी त्याला आयतीच सापडते. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महानगरपालिकेची माणसे घरात येऊन फुलदाण्या तपासतात, ती यासाठीच. राग मानू नये, दार उघडावे. आपण पाणी रोज बदलावे. ते जमलेच नाही, तर आठवड्यातून एक दिवस तरी भांडे पार रिकामे करावे. नुसते विसळून भागत नाही. अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरड्या भांड्यातही कित्येक महिने जगतात. म्हणून आतून काथ्याने खसखसून घासावे. ओतलेले पाणी मोरीत नको. गॅलरीतल्या डब्यात सदाफुली असेल, तिच्या कोरड्या मातीत घालावे.