खड्डा लहान, वाट मोठी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटलं की मुंबईकराला कान्हेरीची लेणी आठवतात, नाहीतर बिबट्या. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव याच जंगलात आहेत आणि त्यांचं पाणी आजही शहराच्या नळाला येतं, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या देखभालीत गेली, आणि त्यातला बराच काळ रानातून जाणाऱ्या लाइनींवर. एका कानाशी ‘पाणी कधी येणार?’ विचारणारे फोन, दुसऱ्या कानाशी ‘झाडाला हात लावू नका’ म्हणणारा वनरक्षक. दोघांचंही खरं होतं. त्या दोघांच्या मधे उभं राहून जे कळलं, ते इथे मांडतो.

१. रान राखणं हेही पाण्याचंच काम

विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. तुळशी भरला की त्याचं पाणी विहारात उतरतं आणि विहार भरला की मिठी नदीत. त्या काळी आजच्यासारखी शुद्धीकरण केंद्रं नव्हती. पाणी चांगलं हवं तर पाणलोट मोकळा ठेवायचा, हाच मुख्य उपाय. तेव्हा पाण्यापायी राखलेली जमीन आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या उद्यानात मोडते. उतारावर झाडं आहेत म्हणून माती जागेवर राहते, गाळ तलावात कमी उतरतो. तेव्हा ‘पाणी हवं की झाडं?’ असं बैठकीत कुणी विचारलं, की प्रश्नच चुकलाय एवढंच मी सांगत असे.

२. नुकसान खड्ड्याने होत नाही, खड्ड्यापर्यंतच्या वाटेने होतं

पोलादी पाइप गंजून बारीक भोक पडलं, तर दुरुस्ती तशी किरकोळ असते. लाकडी खुंटी ठोकून धार अडवायची, वरून पत्र्याचा तुकडा वेल्ड करायचा. दोन माणसं बसून काम करतील एवढा खड्डा पुरतो. पण त्या खड्ड्यापाशी जेसीबी न्यायचा म्हटला की तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा साफ होतो, वळायला जागा लागते, डंपर येतो आणि मातीचा ढिगारा उताराच्या कडेला पडतो. पहिल्या पावसात तोच ढिगारा ओढ्यात जातो. शिवाय एकदा वाट झाली की ती पुन्हा बुजत नाही. मोटारसायकली येतात, लाकूडतोडे येतात, कचरा येतो. म्हणून माझा पहिला प्रश्न असायचा, ‘मशीनशिवाय होईल का?’ जनरेटर आणि वेल्डिंग सेट खांद्यावरून नेता येतो, खोदाई कुदळ-फावड्याने होते. वेळ जास्त लागतो आणि मुकादम कुरकुरतो. मोठं फुटलं तर अर्थातच मशीन हवंच, पण ते नेहमीच हवं असतं हे खरं नाही.

३. मे महिन्यातला हिरवा ठिपका नीट वाचा

उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, गवत पिवळं पडतं. अशा वेळी लाइनीवरून चालताना आमचा एक चावीवाला (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा कामगार) थांबून म्हणाला, ‘‘साहेब, कुडा एवढा हिरवा कसा?’’ जमिनीला हात लावला तर गार, आणि दोन पावलांवर चिखलात चितळाचे खूर उमटलेले. गळती! गळती शोधायची यंत्रं आहेत आणि ती चांगली आहेत, पण रानात डोळसपणे चालणाऱ्या माणसाची बरोबरी त्यांना साधत नाही. मात्र ती गळती बंद केली की चितळांचा ऐन उन्हाळ्यातला पाणवठा गेला. म्हणून दुरुस्तीची तारीख आधी वन विभागाला कळवावी. त्यांना पाणवठे भरायचे असतातच, त्यातला एखादा त्या बाजूला सरकवता येतो. गळती तशीच ठेवणं हा काही उपाय नव्हे. जिथून पाणी बाहेर पडतं, तिथूनच दाब उतरला की घाण आत शिरते.

४. झाड वाचवायचं असेल तर रोप वेळीच उपटा

हे ऐकून निसर्गप्रेमी मित्र दचकतात. विहारची धरणं मातीची आहेत. मातीच्या भरावात मोठं झाड वाढलं की त्याची मुळं पाण्याला वाट करून देतात. झाड मेलं किंवा तोडलं की मुळं कुजतात आणि भरावात पोकळ नळ्या उरतात. दगडी बांधकामात पिंपळ आणि उंबर हेच करतात, सांधा सापडला की मूळ आत शिरलंच. करंगळीएवढं असताना ते हाताने निघतं. दहा वर्षं दुर्लक्ष केलं की त्याचं झाड होतं, त्यावर घरटी होतात, मग परवानगी, हरकती, मोर्चा, आणि त्यातलं प्रत्येक पाऊल रास्तच असतं. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांचा कायदा १९७५ पासून आहे. त्याच्याशी भांडण्याची वेळ बहुधा आपल्याच आळसामुळे येते. भरावावर झाड नको आणि भरावाच्या पायथ्यापलीकडे एकही तोडायचं नाही, ही रेघ आधीच आखून ठेवावी.

५. कामाचं कॅलेंडर एकट्याने बनवू नका

आमचं कॅलेंडर साधं असायचं. पावसाळ्यात काम नाही, मार्चअखेर बिलं, मे महिन्यात धावपळ. रानाचं कॅलेंडर वेगळं असतं. मगरी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावरच्या मातीत अंडी घालतात आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर निघतात. म्हणजे तलावाच्या काठावर आम्ही माती उपसायला जायचो, ते नेमकं याच दिवसांत. बऱ्याच पक्ष्यांची घरटीही उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला असतात. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ त्यातल्या त्यात बरा. जमीन घट्ट झालेली असते आणि गडबड कमी होते.

कारवीचा हिशेब तर वर्षांचा. उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये, आता २०३२ ची वाट पाहायची. आठ वर्षांत एकदा फुलते, बी धरते आणि मरते. २०३१ मध्ये ‘झुडपं साफ केली’ असं कुणी अहवालात लिहिलं, तर त्या उतारावरची एक अख्खी पिढी बी न धरताच गेली म्हणायची. अहवालात तिला ‘झुडपं’ न म्हणता कारवीच म्हटलं, तरी निम्मं काम होतं.

६. पाणी सोडतानाही सावकाश

लाइन रिकामी करायला वॉशआउट उघडतात. एकदम उघडला की ओढ्याचा काठ खरवडून निघतो, आणि पाणी क्लोरिनचं असेल तर बेडूकमासे आणि मासे मरतात. व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडावा, पाणी दगडांवर पडू द्यावं आणि क्लोरिन उतरवूनच ओढ्यात सोडावं. रात्रभराच्या शटडाऊनमध्ये यासाठी तासभर राखून ठेवला तर काही बिघडत नाही.

७. पाडण्याआधी आत उतरून पाहा

मलबार हिलच्या हँगिंग गार्डनखाली एकोणिसाव्या शतकातली पाण्याची टाकी आहे, जवळजवळ १५ कोटी लिटरची. ती पाडून नवी बांधायचा प्रस्ताव आला आणि ३८९ झाडांना झळ बसणार हे कळल्यावर रहिवासी उभे राहिले. तज्ज्ञांची समिती नेमली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये टाकी रिकामी करून आतून पाहणी झाली, त्यासाठी शहराच्या काही भागाने पाणीकपात सोसली. तज्ज्ञांतही मतभेद झाले, पण पाडण्याऐवजी दुरुस्तीचा पर्याय गंभीरपणे पुढे आला. माझ्या लेखी मुद्दा कोण जिंकलं हा नाही. जुनं बांधकाम ‘जीर्ण’ ठरवायला एक शिक्का पुरतो. किती जीर्ण, कुठे जीर्ण हे कळायला मात्र पाणी थांबवून आत उतरावं लागतं. ती कपात लोकांनी आनंदाने सोसावी, कारण त्यातून पुढची मोठी तोड टळू शकते.

८. अंदाजपत्रकात ओळ नसेल तर काम होत नाही

शेवटचं आणि सगळ्यात कोरडं. खोदताना वरची अर्धा फूट माती वेगळी ठेवायची आणि बुजवताना ती शेवटी वर टाकायची. रानाचं बी तिच्यातच असतं. गुलमोहराची रोपं लावून फोटो काढण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी आहे आणि स्वस्तही. पण कंत्राटदार तेच करतो ज्याचे पैसे मिळतात. ‘खोदाई’, ‘भराई’, ‘राडारोडा उचलणे’ या ओळी प्रत्येक अंदाजपत्रकात असतात. त्यांच्याखाली ‘वरची माती राखून परत पसरणे’ आणि ‘तात्पुरती वाट मोडून बंद करणे’ अशा दोन ओळी मी दर लावून टाकू लागलो. लेखापरीक्षकाने विचारलं, हे कशासाठी? म्हटलं, पुढच्या वर्षी गाळ काढायचा खर्च दाखवावा लागू नये म्हणून. त्याने सही केली. झाडांवरच्या प्रेमाने जी फाइल हलली नसती, ती गाळाच्या हिशेबाने हलली. नव्या अभियंत्यांनी हा हिशेब पाठ करावा.