कूलंट रंगावरून घेऊ नकोस

मलकापूर, ता. कराड

चि. बाळास,


तू हिमालयन ४५० घेतलीस आणि पाऊस ओसरला की सडावाघापूरच्या पठारावर, पाटणकडच्या कच्च्या वाटांवर जाणार आहेस, हे ताईनं सांगितलं. फार आनंद झाला. ‘कूलंट हिरवं घालू की लाल?’ असं तू विचारलंस. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, म्हणून लिहायला बसलो.

जुनी ४११ हिमालयन हवेवर आणि तेलावर थंड व्हायची. २०२३ साली आलेलं हे ४५२ सीसीचं इंजिन रॉयल एनफिल्डचं पहिलं लिक्विड कूल्ड इंजिन. रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रबरी नळ्या हे सगळं आता तुला सांभाळायचं आहे.

रंगावर अजिबात जाऊ नकोस. रंग कंपनी आपल्या मर्जीनं घालते. दोन हिरव्या बाटल्यांत अगदी वेगळी रसायनं असू शकतात. बाटलीच्या मागचा मजकूर वाच आणि तो गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघ.

उष्णता वाहून नेण्यात खरं तर साधं पाणीच सरस. त्यात कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल निम्मं घातलं की मिश्रण १०० ऐवजी सुमारे १०७ अंशांना उकळतं, रेडिएटरच्या झाकणानं धरलेल्या दाबामुळे त्याहूनही उशिरा. गोठायला त्याला उणे ३५च्या खालची थंडी लागते. पण म्हणून बिनपाण्याचं कॉन्सन्ट्रेट ओतू नकोस. निव्वळ ग्लायकॉल उणे १३लाच गोठतं आणि उष्णताही कमी वाहतं. त्यापेक्षा तयार मिश्रण घे.

कूलंटचं मोठं काम मात्र गंज रोखण्याचं आहे. इंजिन अॅल्युमिनियमचं, त्याला जपणारी द्रव्यं कूलंटमध्ये असतात. काहींत सिलिकेट असतं. त्यानं पंपाचं सील झिजू शकतं म्हणून अनेक जपानी कंपन्या बिनसिलिकेटचं कूलंट सांगतात. ही द्रव्यं हळूहळू संपतात, म्हणून टाकी भरलेली दिसली तरी मॅन्युअलमधली मुदत झाली की कूलंट बदलायचंच. दोन प्रकार एकत्र करू नकोस. काही वेळा त्यांचा साका होऊन बारीक वाटा बुजतात.

आता पाण्याचं. आपल्या मलकापूरच्या नळाला चोवीस तास पाणी असतं, त्याचा मला अभिमान आहे. पण पिण्याला चांगलं पाणी रेडिएटरला चांगलं असतंच असं नाही. त्यातल्या क्षारांचा आत थर बसतो, क्लोराइड अॅल्युमिनियम खातं. बोअरचं तर नकोच. मिसळायचं झालं तर डिस्टिल्ड वॉटरच वापर. रानात अडलास तर पिण्याच्या बाटलीतलं पाणी घालून घरी ये, पण मग सगळं काढून नवं भर.

महागडं बिनपाण्याचं कूलंटही कुणी सुचवेल. ते १८० अंशांच्या वर उकळतं खरं, पण उष्णता पाण्याइतकी ओढत नाही. कूलंट उकळलं नाही म्हणजे इंजिन तापलं नाही, असं समजू नकोस.

चिखलात पहिल्या गिअरवर चढताना वारा लागत नाही, सगळी मदार पंख्यावर. रेडिएटरच्या पात्यांत चिखल वाळला किंवा उसाच्या हंगामात ट्रॉलीमागून जाताना पाचट अडकलं, तर उत्तम कूलंटचाही उपयोग नाही. फेरीहून आलास की साध्या नळीनं मागच्या बाजूनं धू. प्रेशर गननं पाती वाकतात.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नकोस. दाब सुटताच कूलंट उसळून अंगावर येतं. पातळी गाडी थंड असताना, रिझर्व्ह टाकीवरच्या दोन खुणांमध्ये बघ. जुनं कूलंट ओढ्यात, गटारात ओतायचं नाही. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी. कुत्र्यानं किंवा वासरानं चाटलं तर मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जातो. बंद डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला दे.

तर आधी मॅन्युअल उघड, त्यातला प्रकार कागदावर उतरव आणि तो घेऊन दुकानात जा. दुकानदार ‘सगळं एकच असतं’ म्हणाला, तर दुसरं दुकान बघ. जपून चालव.

तुझा,
मामा