बारशिंग्याचे कुल आणि उपकुल

रानात चरणाऱ्या खूरधारी प्राण्यांस सरसकट ‘हरीण’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. बोलण्यात त्याने फारसे बिघडत नाही. परंतु गणनेच्या नोंदीत वा पंचनाम्यात तेच नाव पडले, तर कोणता प्राणी घटतो आहे हेच कळेनासे होते. मध्य प्रदेशाचा राज्यपशू बारशिंगा याच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते.

प्रथम शिंगे पाहावीत. काळवीट, चिंकारा, नीलगाय व चौशिंगा यांची शिंगे हाडाच्या खुंटावर बसलेल्या पोकळ टोपणासारखी असून ती जन्मभर टिकतात. हे प्राणी गाई-म्हशींच्या कुलातील होत. सांबर, चितळ, भेकर व बारशिंगा यांची शिंगे मात्र भरीव हाडाची असतात. ती गळतात, पुन्हा उगवतात, आणि नरासच येतात. हे मृगकुल, शास्त्रीय नाव सर्व्हिडी. चौशिंगा व बारशिंगा ही नावे कानाला सख्ख्या भावांसारखी वाटतात, नाते मात्र दूरचे!

मृगकुलाची दोन उपकुले मानली जातात. त्यांतील भेद सर व्हिक्टर ब्रुक यांनी १८७८ साली पुढच्या पायावरून दाखविला. तेथील कडेच्या बोटांची लांब हाडे बहुतांशी लोप पावली आहेत. सर्व्हिनी उपकुलात त्यांचा अवशेष वरच्या टोकाशी, तर कॅप्रिओलिनी उपकुलात खुराकडच्या टोकाशी उरला आहे. रेनडियर व मूस दुसऱ्या उपकुलात येतात. आपले वरील चारही मृग पहिल्यातील आहेत. भेकरास पूर्वी निराळे उपकुल देत असत. आता त्याचा समावेश सर्व्हिनीतच करतात. या लहानशा प्राण्याच्या मादीत गुणसूत्रे अवघी ६, नरात ७. मनुष्यात ती ४६ असतात.

बारशिंगा पूर्वी सांबराबरोबर सर्व्हस या एकाच प्रजातीत गणला जाई. आज त्याची प्रजाती रुसर्व्हस मानतात. तिच्यातील थायलंडचा शॉम्बुर्क मृग १९३८ साली नामशेष झाला. मणिपूरच्या सांगाईस अनेक तज्ज्ञ आता पॅनोलिया या वेगळ्या प्रजातीत घालतात. ते मान्य केल्यास या शाखेवर बारशिंगा एकटाच उरतो.

त्याच्याही तीन उपजाती आहेत. तराई व आसाम येथील बारशिंगे दलदलीत वावरणारे, पसरट खुरांचे. कान्ह्याचा ‘ब्रँडरी’ कठीण भूमीवरचा, घट्ट खुरांचा. १९७० साली कान्ह्यात त्यांची संख्या ६६ भरली, आणि ही उपजाती अन्यत्र कोठेही शिल्लक नव्हती. पुढे कुरणे राखली गेली, वनातील गावांचे स्थलांतर झाले, कुंपणाच्या आत पैदास करण्यात आली. संख्या वाढल्यावर २०१५ साली सातपुडा व २०२३ साली बांधवगड येथे काही बारशिंगे हलविण्यात आले.

सांबर व बारशिंगा यांत गफलत होऊ नये म्हणून शिंग नीट पाहावे. सांबराच्या प्रत्येक शिंगास बहुधा तीन टोके असतात. बारशिंग्याचे शिंग अर्ध्याहून अधिक उंचीपर्यंत जवळजवळ बिनफाट्याचे जाते व वर फुटते. दोन्ही शिंगे मिळून साधारणतः दहा ते चौदा टोके भरतात. सांबर झाडीत राहतो, बारशिंगा गवताळ मैदानात. गळालेले शिंग आढळल्यास जागीच टोके मोजावीत व ते न उचलता वनरक्षकास कळवावे.