दारू, फळमाशी आणि भांडण: एका प्रयोगाची कृती

दारू पोटात गेली की भांडणं वाढतात, हे गावात कुणी कुणाला सांगायला नको. पण किती दारूने वाढतात, सगळ्यांचीच वाढतात का, हे मोजायचं तर प्रयोगच करावा लागतो. उंदरांवर असे प्रयोग खूप झाले आहेत. थोड्या मात्रेला काही नर जास्त हल्ले करतात, बरेचसे होते तसेच राहतात, आणि मात्रा चढवली की सगळेच सुस्तावतात. बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मात्र उंदरांच्या वाटेला जाऊ नका. त्याला नोंदणीकृत प्राणीगृह आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि ती लागायलाच हवी. निमोण्यासारख्या गावातून शिरूरला कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना झेपेल असा प्राणी म्हणजे फळमाशी, ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर. नासक्या फळात दारू आपोआप तयार होते, त्यामुळे या माशीला ती परकी नाही. ती पचवणारं विकर तिच्या अंगातच असतं.

उकिरड्यावरच्या फुटक्या डाळिंबांवर घोंघावणाऱ्या माश्या पकडून आणू नका, त्यांत अनेक जाती मिसळलेल्या असतात. प्राणिशास्त्र विभागामार्फत म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रॉसोफिला स्टॉक सेंटरकडून एकच वाण मागवा.

खाद्यासाठी 1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम रवा आणि 10 ग्रॅम अगर शिजवा. सतत हलवा, गुठळ्या होऊ देऊ नका. उतरवून जरा निवलं की 7.5 मिलिलिटर प्रोपिओनिक आम्ल घाला, नाहीतर बुरशी धरते. बाटल्यांत ओतून वर चिमूटभर यीस्ट टाका आणि कापसाचं बूच लावा. 25 अंशांना अंड्यापासून माशी व्हायला साधारण 10 दिवस लागतात. 30 अंशांच्या आसपास नर वांझ होऊ लागतात, म्हणून आपल्याकडचे एप्रिल-मे टाळा. थंडीत बाटल्या थर्मोकोलच्या पेटीत ठेवा.

नराच्या पोटाचं टोक काळं आणि बोथट असतं, पुढच्या पायांवर बारीक काळी फणी असते. कोशातून नुकते निघालेले नर बर्फावर गार करून निवडा आणि एका नळीत एकच, असे 5 दिवस ठेवा. एकटा वाढलेला नर जास्त भांडतो, म्हणून सगळ्यांना सारखंच एकटं ठेवायचं. यानंतर ईथर नको, बर्फही नको, हवा ओढून माशी उचलणाऱ्या ओढनळीनेच हलवा.

आता दारू. कॉलेजच्या परवानाधारक साठ्यातलं शुद्ध इथेनॉलच घ्या. रंगकामाच्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं. 5 टक्के साखरेच्या पाण्याचे तीन भाग करा: एक बिनदारूचा, एकात 5 टक्के इथेनॉल, एकात 15 टक्के. तिन्हींत सारखाच निळा खाद्यरंग घाला. इथेनॉल उडून जातं, म्हणून द्रावण आयत्या वेळी करा. माश्या काही तास नुसत्या ओल्या कापसावर ठेवा, मग द्रावणात भिजवलेला गाळणकागद अर्धा तास द्या. पोट निळं दिसलं तीच माशी प्यायली. बाकीच्या बाजूला काढा.

सकाळी, उजेड होऊन फार वेळ झालेला नसताना, एकाच गटातले सारख्या आकाराचे दोन नर छोट्या पेट्री डिशमध्ये सोडा. मधोमध खाद्याचा लहानसा तुकडा ठेवा, भांडण त्यावरूनच होतं. वरून मोबाइलने 20 मिनिटं चित्रण करा. आधी नर पंख उभारून धमकावतो. मग मागच्या पायांवर उभा राहतो आणि पुढचे पाय दुसऱ्याच्या अंगावर आपटतो. ही झडप क्षणात होऊन जाते, म्हणून चित्रण संथ करून बघा. मोजायची ती झडप. नुसता पाठलाग धरू नका.

डिशखाली मधोमध एक रेघ मारा आणि नर ती किती वेळा ओलांडतात तेही मोजा. माझ्या मते सगळ्या प्रयोगाची मदार या आकड्यावर आहे. दारूने माशी आधी नुसतीच सैरावैरा धावते. धावपळ वाढली म्हणून टकरी वाढल्या, तर तो आक्रमकपणा नव्हे. मोजणाऱ्याला कुठली जोडी कुठल्या गटातली हे कळता कामा नये, म्हणून चित्रफितींना दुसऱ्या कुणाकडून सांकेतिक क्रमांक घालून घ्या. गटामागे किमान 20 जोड्या घ्या आणि तिन्ही गटांची तुलना करायला क्रुस्काल-वॉलिस ही संख्याशास्त्रीय चाचणी लावा. काम झालं की माश्या फ्रीझरमध्ये ठेवून मगच टाका.

टेक्सास विद्यापीठातल्या नायजेल ॲटकिन्सन यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवलं की थोड्या दारूने नर माश्या जास्त भांडतात, आणि त्यामागे नराच्या गंधसंदेशाचा हात असतो. तुमच्याकडे तसं दिसलं नाही तर दिसलं नाही असंच लिहा.

माणसाचं मात्र वेगळं आहे. ॲलन लँग आणि सहकाऱ्यांच्या 1975 च्या प्रयोगात, आपण दारू प्यायलो असं ज्यांना वाटलं ते जास्त आक्रमक झाले, पेल्यात दारू असो वा नसो. म्हणून अहवालाच्या शेवटी ‘दारूमुळे माणूस मारतो’ असं लिहू नका. माश्यांच्या प्रयोगातून ते सिद्ध होत नाही, आणि बायकोवर हात उचलणाऱ्याला ते वाक्य आयती सबब म्हणून मिळतं.