पाच दिवसांवर गेलेला ताप



आपल्या राधानगरीच्या वाड्यांवर, धनगरवाड्यांवर लहान मुलाला ताप येऊन अंगावर पुरळ उठलं, की घरातली जाणती माणसं ‘गोवर आलाय’ म्हणतात आणि मूल घरातच राहतं. पुष्कळदा ते साधं तापाचं पुरळच असतं. पण क्वचित त्याच रूपात रक्तवाहिन्यांना सूज आणणारा कावासाकी आजार येतो. जपानचे बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ मध्ये चार वर्षांच्या एका मुलात तो पाहिला आणि १९६७ मध्ये अशा ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालचे असतात. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

ताप पाच दिवस झाले तरी हटत नाही. दोन्ही डोळे लाल होतात, पण चिपडं येत नाहीत. ओठ लाल होऊन फुटतात, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल आणि खरखरीत दिसते. हातपाय सुजतात, तळवे लाल होतात. मानेत, बहुधा एकाच बाजूला, गाठ येते. तान्ह्या बाळाच्या दंडावर बीसीजी लसीची जागा पुन्हा लाल होऊन सुजली, तर ती मोठी खूण समजा. गोवरात नाक वाहणं आणि खोकला ठळक असतो. सावळ्या अंगावर पुरळ चटकन दिसत नाही, म्हणून मुलाला दारात उजेडात घेऊन ओठ, जीभ आणि तळवे बघावेत.

अडचण अशी, की ही लक्षणं एकाच वेळी दिसत नाहीत. मंगळवारचं पुरळ शुक्रवारी दवाखान्यात पोचेपर्यंत गेलेलं असतं. म्हणून ताप आला त्या दिवसापासून कॅलेंडरवर खूण करा आणि जे दिसेल त्याचा मोबाईलवर फोटो काढा. तान्ह्या बाळांत तर दोन-तीनच लक्षणं असू शकतात.

पुढे ताप आपोआप उतरतो, बोटांच्या टोकांची कातडी निघते, मूल खेळू लागतं. घरचे निर्धास्त होतात. पण उपचार न मिळालेल्या साधारण चारांतल्या एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि त्यात गुठळी होऊ शकते. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिलं, तर हे प्रमाण पंचविसांत एकावर येतं. रक्तदात्यांच्या रक्तातून बनणारं हे औषध वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम लागतं; दहा किलोच्या मुलाला वीस ग्रॅम. ते महाग आहे, पण पैशांची जुळवाजुळव करण्यात ते दहा दिवस घालवू नयेत. सोबत डॉक्टर ॲस्पिरिन देतात. घरी मनाने मुलाला ॲस्पिरिन कधीही देऊ नका.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. हृदयाच्या इको तपासणीसाठी कोल्हापूरला पाठवलं, तर चालढकल करू नका. ‘डॉक्टर, हा कावासाकी तर नाही ना?’ असं विचारायला आपली माणसं बिचकतात. बरोबर जाणाऱ्याने ते विचारावं.

आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळालेल्या मुलाचे कागद अंगणवाडीताईंना दाखवा, कारण गोवर-रुबेलाची लस त्यानंतर साधारण अकरा महिने पुढे ढकलावी लागते.