स्नायू सैल करणारी गोळी आणि आकडी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने औषधशास्त्रावर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण निमित्त घरातलेच आहे. माडावरून पडून माझ्या मामांच्या मणक्याला इजा झाली. पाय ताठरत, म्हणून डॉक्टरांनी 'बॅक्लोफेन' ही स्नायू शिथिल करणारी गोळी दिली. एका रात्री कळा असह्य झाल्या आणि मामांनी चार-पाच गोळ्या एकदम घेतल्या. आधी गुंगी, मग पहाटे आकडी. आम्ही कांदा हुंगवत बसलो! स्नायू सैल करणाऱ्या औषधाने शरीराला झटके कसे यावेत, या प्रश्नाने मला ग्रंथालयात नेले.

या औषधाचा इतिहासच विलक्षण आहे. १९६२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत हाइनरिश केबरले यांनी ते तयार केले, तेही अपस्मारावरील उपाय म्हणून! तिथे ते फारसे उपयोगी पडले नाही. ताठरलेल्या स्नायूंवर मात्र गुणकारी ठरले.

आपल्या मेंदूत व मज्जारज्जूत 'गाबा' नावाचे द्रव्य चेतापेशींना लगाम घालते. बॅक्लोफेन गाबाच्या 'बी' प्रकारच्या ग्राहकांवर काम करते, त्यामुळे स्नायूंकडे जाणारे संदेश मंदावतात. मात्रा वाढली की मेंदूही मंदावतो. शुद्ध हरपते, श्वास उथळ होतो. मग आकडी का? लगाम घालणाऱ्या पेशींवरही हेच ग्राहक असतात. पहारेकरीच झोपले, तर बाकीच्या पेशी उधळतात, अशी उपपत्ती संशोधक मांडतात.

हे औषध बहुतांशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मामांचे मूत्रपिंड आधीच अधू, म्हणून ते अंगात साचले. मामी तर उरलेल्या गोळ्या विहिरीत टाकायला निघाल्या होत्या. डॉक्टरांनी अडवले. बॅक्लोफेन अचानक बंद केले तरीही आकडी येऊ शकते. मात्रा हळूहळूच उतरवावी लागते.

मित्रहो, यातून मी तीन गोष्टी शिकलो. गोळी आपल्या मनाने वाढवू नये, तोडूही नये. आकडी आलेल्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. आणि कांदा शोधत न बसता, गोळ्यांचे पाकीट घेऊन रुग्णालय गाठावे.

मामा आता बरे आहेत. गोळ्यांचा डबा मात्र मामींच्या कपाटात असतो.